दोघींच्या हातातलं काम

जुन्या काळातल्या दोन स्त्रियांचं प्रेम पडद्यावर मांडायचं, तर पटकथा लिहिणाऱ्याला आधी वेळेचा आणि जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. या दोघींना एकमेकींजवळ बसू कोण देणार, कुठल्या खोलीत, किती तास, आणि घरातल्यांनी विचारलं तर उत्तर काय? स्त्री-पुरुषांच्या ऐतिहासिक प्रेमकथेला हा प्रश्न फारसा पडत नाही. तिथे नाचाची मेजवानी असते, पाहुणा म्हणून आलेला तरुण असतो, मागणी घालण्याची रीत असते. समाजानेच भेटीगाठींची सोय करून ठेवलेली असते. दोन स्त्रियांसाठी अशी रीत कधीच नव्हती. त्यांच्याकडे एकच हक्काची गोष्ट होती, ती म्हणजे काम. वेणी घालणं, कपडे चढवणं, आजाऱ्याची शुश्रूषा, शिकवणी, दुकानातला गल्ला, चित्रासाठी बसणं. या विषयावरचे जे चित्रपट मनात टिकून राहतात, त्यांत प्रेम त्या कामातूनच उगवतं, आणि ते काम दिग्दर्शकाला मुळापासून ठाऊक असतं, अशी माझी पक्की धारणा आहे. काम खोटं असेल तर प्रेमही भाड्याने आणलेल्या कपड्यांसारखं दिसतं.

फ्रेंच दिग्दर्शक सेलीन सियामा यांचा ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ (२०१९) याचं सगळ्यात भक्कम उदाहरण. कान चित्रपट महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि या पटकथेचा कणा एका व्यावसायिक कामाचा आहे. काळ १७७० च्या आसपासचा, जागा फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं एक बेट. मारियान ही चित्रकार होडीतून तिथे येते. एलोईज या तरुणीचं चित्र काढून ते मिलानच्या वराकडे पाठवायचं आहे. चित्र पसंत पडलं तर लग्न. एलोईजला लग्न नको आहे, म्हणून ती कुणासमोर बसायला तयार नाही. आधीचा चित्रकार चेहऱ्याविना धड रंगवून निघून गेलाय. तेव्हा मारियानने फिरायला जाण्याची सोबतीण व्हायचं, दिवसा चोरून बघायचं आणि रात्री आठवणीतून रंगवायचं, असं ठरतं.

या एका अटीने केवढं काय साधलंय बघा. मारियानला एलोईजकडे टक लावून बघण्याचे पैसे मिळतात. कानाची पाळी केसांखाली कुठे वळते, तिच्या कडेला उजेड कसा आरपार गेल्यासारखा दिसतो, हात मांडीवर ठेवताना कुठला वर येतो, हे सगळं तिला पाठ करायचंय. प्रेमात पडलेलं माणूसही हेच करतं. त्यामुळे ती कामासाठी बघणं कधी थांबली आणि स्वतःसाठी बघायला कधी लागली, याची रेघ ना तिला सापडते, ना आपल्याला. ‘ती प्रेमात पडली’ असं सांगणारा वेगळा प्रसंग लिहावाच लागत नाही.

चित्रकलेचा तपशीलही नुसता शोभेचा नाही. त्या काळच्या पद्धतीत कॅनव्हासवर आधी तपकिरी किंवा करडा अस्तराचा रंग, त्यावर कोळशाने आकार, मग पातळ रंगात छाया-प्रकाश, आणि मग त्वचेचे थर चढवायचे. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. क्रम उलटला तर खालचा थर नंतर आक्रसतो आणि वरच्याला तडे जातात. तैलरंग वाळायला कित्येक दिवस घेतो. म्हणून पहिलं चित्र बघून एलोईज जेव्हा म्हणते की यात मीही नाही आणि तूही नाहीस, तेव्हा मारियान फडक्याने चेहरा पुसून टाकू शकते, कारण रंग अजून ओला आहे. तो वाळला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. एलोईजची आई बाहेरगावी जाताना पाच दिवसांची मुदत देते, आणि या वेळी एलोईज स्वतःहून बसते. पाच दिवसांत तैलचित्र म्हणजे ओल्यावर ओला रंग, भराभर, चुकीला फार जागा नाही. प्रेमालाही तेवढेच दिवस.

पडद्यावर रंगवणारे हात एलेन देल्मेर या आजच्या चित्रकर्तीचे आहेत. चित्रपटातली चित्रंही तिचीच. या गोष्टीने फार फरक पडतो. नटाच्या हातात कुंचला दिला की तो कॅनव्हासवर कुरवाळल्यासारखा फिरतो, हे आपण शंभर चित्रपटांत बघतो. खरा चित्रकार बराच वेळ नुसता बघत असतो, मग एक ठाम फटकारा मारतो, पुन्हा बघतो. डोळा वर, डोळा खाली. या वर-खालीच्या लयीवरच चित्रपटाचं संकलन चालतं, आणि कोळसा कॅनव्हासवर खरवडल्याचा आवाज मुद्दाम जवळून ऐकवलेला आहे.

मग तो प्रसंग येतो, जिथे सगळा डाव उलटतो. मारियान बसलेल्या एलोईजला सांगते की तू अवघडलीस की असं करतेस, चिडलीस की तसं. चित्रकाराचं हे ज्ञान म्हणजे एक प्रकारची सत्ताच. एलोईज तिला जवळ बोलावते, आपल्या शेजारी उभं करते, आणि विचारते की तू मला बघत असतेस तेव्हा मी कुणाला बघते? आणि मग मारियानच्या सवयी एकेक करून सांगते. पुढे बसणाऱ्यालाही तितकेच तास मिळालेले असतात, त्यालाही समोर दुसरं काही बघायला नसतं, ही स्टुडिओतली साधी गोष्ट. शतकानुशतकं चित्रकार आणि ‘मॉडेल’ यांच्या गोष्टी पुरुषाच्या बाजूने सांगितल्या गेल्या, म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. सियामा यांनी ती कॅमेऱ्याच्या जागेने सांगितली. या प्रसंगात तोवर दोघी दोन वेगळ्या चौकटींत होत्या, इथे त्या एका चौकटीत येतात.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. लाकडी जमिनीवरची पावलं, लाटा, शेकोटीतली लाकडं, श्वास, एवढंच. मारियान विवाल्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘ग्रीष्म’मधला एक तुकडा घरातल्या जुन्या वाद्यावर अडखळत वाजवून दाखवते, आणि रात्रीच्या शेकोटीपाशी गावातल्या बायका टाळ्यांवर गातात. त्या बेटावर १७७० मध्ये संगीत ही दुर्मीळ चीज असणार. मठातून आलेल्या एलोईजने ऑर्गनपलीकडे फार ऐकलेलं नाही. म्हणून शेवटी नाट्यगृहात वाद्यवृंद तोच ‘ग्रीष्म’ पूर्ण ताकदीने वाजवतो आणि कॅमेरा एलोईजच्या चेहऱ्यावरून हलत नाही, तेव्हा प्रेक्षकाचे कानही तिच्याइतकेच उपाशी असतात. दर नजरेला व्हायोलिन लावणाऱ्या चित्रपटांचं नेमकं हेच बिघडतं. दोघींना अजून काही कळलेलं नसतं आणि संगीताने आपल्याला सगळं सांगून टाकलेलं असतं. शेकोटीचं गाणं मात्र आजच्या संगीतकारांनी रचलेलं आहे, त्या काळातलं नाही. इतिहासाचा काटेकोर अभ्यासक तिथे भुवई उंचावेल, पण ते बायकांच्याच गळ्यातून आणि तळहातांतून येतं, त्यामुळे मला ते अजिबात उपरं वाटत नाही.

सोफी या मोलकरणीबद्दल लोक कमी बोलतात, आणि माझ्या मते चित्रपटाचा अर्धा जीव तिच्यात आहे. तिला गर्भ राहिलेला आहे आणि तो नको आहे. मालकीण घरात नसताना तिघी मिळून त्या संकटाचं बघतात. किनाऱ्यावर धावणं होतं, काढा होतो, शेवटी एका बाईच्या झोपडीत जावं लागतं, आणि तिथे बिछान्यावर सोफीच्या शेजारी एक तान्हं मूल खेळत असतं. मारियान मान फिरवते तेव्हा एलोईज तिला बघायला लावते, आणि रात्री तोच प्रसंग पुन्हा मांडून तिच्याकडून चित्र काढून घेते. पॅरिसच्या राजेशाही चित्रकला अकादमीने १७७० मध्येच स्त्री सदस्यांची संख्या चारवर बांधून टाकली होती. नग्न पुरुष मॉडेलवरून शरीररचना शिकायची स्त्रियांना परवानगी नव्हती, म्हणजे इतिहास-पुराणातली मोठी चित्रं त्यांच्या हातून काढूनच घेतलेली. मग त्यांनी काय रंगवावं? जे फक्त त्यांनाच दिसतं ते. स्वयंपाकघरात उमराव घरची मुलगी भाजी चिरतेय, चित्रकार वाइन ओततेय आणि मोलकरीण शांतपणे भरतकाम करतेय, ही चौकटही त्याच विचाराची. प्रेम दोघींचं असतं, पण त्याला लागणारी मोकळी हवा तिसरीमुळे येते.

कपड्यांकडे वळू, कारण ऐतिहासिक चित्रपट सर्वांत जास्त तिथेच घसरतात. अठराव्या शतकातल्या युरोपीय स्त्रीच्या अंगावर आधी लिननचा सैल शेमीज असे. तो धुता येई, घाम तो शोषून घेई. त्यावर ‘स्टेज’, म्हणजे देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या किंवा वेताच्या काड्या शिवून ताठ केलेली चोळी. मग परकर, कमरेला नाडीने बांधलेले सुटे खिसे, आणि वर गाऊन, जो छातीवरच्या त्रिकोणी पट्टीला साध्या टाचण्यांनी टोचलेला असे. स्टेजची नाडी बहुधा एकच. एका टोकाला गाठ मारून ती एका बाजूच्या भोकातून दुसऱ्या बाजूच्या भोकात अशी मळसूत्रासारखी वर चढवायची. भोकांच्या कडा सुईदोऱ्याने हाताने गुंफलेल्या असत. धातूच्या कड्या १८२० च्या दशकात आल्या. आता नेहमीचा चित्रपट आठवा. उघड्या अंगावर घट्ट चोळी, धातूच्या कड्यांतून बुटांसारखी आडवी-उभी ओवलेली नाडी, आणि प्रियकराने एक हिसका दिला की सगळं मोकळं. शेमीजशिवाय ती चोळी दिवसभर घातली तर कातडी सोलून निघेल, आणि हिसक्याने तर काही सुटायचंच नाही. नाडी एकेका भोकातून ओढून काढावी लागते. टाचण्या एकेक करून काढून कुठेतरी ठेवाव्या लागतात, नाहीतर टोचतात.

हे बारकावे ज्याला माहीत आहेत त्याच्या हाती आपोआप एक संथ, लांब प्रेमप्रसंग लागतो. दुसरीच्या मदतीशिवाय ज्या पोशाखात शिरणं आणि निघणं कठीण, तो पोशाखच दोघींना जवळ आणतो. पार्क चॅन-वूक यांच्या ‘द हँडमेडन’मध्ये (२०१६) हे फार नेमकं वापरलंय. सारा वॉटर्स यांच्या ‘फिंगरस्मिथ’ या व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या कादंबरीची गोष्ट त्यांनी १९३० च्या दशकातल्या, जपानच्या ताब्यातल्या कोरियात नेली. सूक-ही ही खिसेकापू मुलगी हिदेको नावाच्या श्रीमंत जपानी तरुणीची मोलकरीण बनून येते, तिला फसवायला. मालकिणीला अंघोळ घालताना तिचा एक दात आतून टोचतोय असं कळतं. सूक-ही बोटात अंगुस्तान घालून तो दात घासून गुळगुळीत करते. तोंडात बोट, दोघींचे चेहरे एका वितीवर, नजर कुठे ठेवावी कळत नाही, आणि हे सगळं निव्वळ चाकरीचं काम. नंतरच्या उघड्या शृंगारदृश्यांची फार चर्चा झाली. ती मला जरा जास्तच मोजूनमापून, आरशातल्या प्रतिमांसारखी रचलेली वाटतात. त्यांच्यापेक्षा अंगुस्तानाचा प्रसंग कैक पटींनी जिवंत आहे.

या चित्रपटात कामाची दुसरी, भयंकर बाजूही आहे. हिदेकोला तिच्या काकाने लहानपणापासून एकाच कामासाठी तयार केलंय. जमलेल्या पुरुषांसमोर तिने अश्लील ग्रंथ वाचायचे. सूक-हीला हे कळतं तेव्हा ती त्या ग्रंथालयातली पुस्तकं फाडते, शाईत आणि पाण्यात बुडवते. प्रेमाचा कबुलीजबाब म्हणून याहून ठाम कृती क्वचितच सापडेल. कोरियन आणि जपानी या दोन भाषांची उपशीर्षकं दोन वेगळ्या रंगांत दिलेली होती, तेही योग्यच होतं. कोण कुणाच्या भाषेत बोलतंय, यावर त्या घरातली सत्ता ठरते.

‘कॅरल’ (२०१५) वेगळ्या काळातला, पण त्याचीही सुरुवात कामाच्या जागीच. पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स दुकानात खेळण्यांच्या विभागात काही दिवस नोकरी केली. तिथे आलेल्या एका ग्राहक बाईवरून कादंबरी सुचली. १९५२ मध्ये ती ‘क्लेअर मॉर्गन’ या टोपणनावाने छापली गेली आणि १९९० मध्ये लेखिकेच्या खऱ्या नावाने आली. चित्रपटात टेरेस काउंटरवर उभी आहे, कॅरल मुलीसाठी भेटवस्तू घ्यायला येते आणि आगगाडीचा खेळ विकत घेते. माल घरपोच पाठवायचा तर पत्ता लिहून घ्यावा लागतो. कॅरल हातमोजे काउंटरवर विसरते. पत्ता हातात आहे, मोजे हातात आहेत, आता ते टपालाने पाठवणं हे विक्रेतीचं कर्तव्यच. एका पावतीवर सगळा डोलारा उभा राहिला.

टॉड हेन्स आणि छायाचित्रणकार एडवर्ड लॅकमन यांनी हा चित्रपट सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला. त्याची चौकट ३५ मिलिमीटरपेक्षा बरीच लहान, म्हणून मोठ्या पडद्यावर फिल्मचे कण ठळक दिसतात, प्रतिमा किंचित थरथरत राहते. टॅक्सीच्या ओल्या काचा, दाराच्या चौकटी, लोकांच्या खांद्यांमागून दिसणारा अर्धा चेहरा. चोरून बघणाऱ्या माणसाला जग असंच तुकड्यांत दिसतं. न्यूयॉर्क म्हणून दिसतं ते बरंचसं ओहायोतलं सिनसिनाटी आहे, कारण तिथे जुने रस्ते आणि इमारती अजून शिल्लक होत्या. पण चित्रपटाची खरी धार वकिलाच्या खोलीत आहे. नवरा घटस्फोटाच्या दाव्यात ‘नैतिकते’चा मुद्दा काढून मुलीचा ताबा मागतो, खाजगी हेर मोटेलच्या खोलीशेजारी ध्वनिमुद्रण करतो. प्रेमाची शिक्षा इथे तुरुंग नसते, मुलगी हिरावली जाणं असते. ज्या चित्रपटात धोका असा नेमका, कागदोपत्री नसतो आणि नुसतं ‘समाज काय म्हणेल’ असं धुकं असतं, तिथे पात्रांची भीती खोटी वाटते.

कायद्याचा आणि बदनामीचा खरा नमुना एडिनबरोत आहे, आणि त्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. मारियान वूड्स आणि जेन पिरी या दोघी तिथे मुलींची शाळा चालवत होत्या. १८१० मध्ये जेन कमिंग या विद्यार्थिनीने त्यांच्यावर आपसातल्या प्रेमसंबंधांचा आरोप केला आणि शाळा उद्ध्वस्त झाली. जेनची आई भारतीय होती. वडिलांकडची आजी, लेडी कमिंग गॉर्डन, हिने बाकीच्या पालकांना सावध केलं. शिक्षिकांनी बदनामीचा दावा लावला. तो ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत गेला, १८१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांचा युक्तिवाद वाचून आजही अंग शहारतं. सभ्य ब्रिटिश स्त्रिया असं करूच शकत नाहीत, तेव्हा या मुलीच्या डोक्यात हे हिंदुस्थानातून आलं असणार, असा सूर. लिलियन हेलमन यांनी याच खटल्यावरून १९३४ मध्ये नाटक लिहिलं. विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्यावर चित्रपट केला, पण हॉलिवूडच्या आचारसंहितेमुळे आरोप बदलून स्त्री-पुरुषांचा त्रिकोण करावा लागला. १९६१ मध्ये त्यांनीच तो पुन्हा केला, मूळ आरोपासह, आणि त्यात आपलं प्रेम कबूल करणारी मार्था ही शिक्षिका गळफास घेते.

हा गळफास पुढे सवयीचा झाला. आपल्याकडेही विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली सुमित्रा आत्महत्याच करते. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली होती. तेंडुलकरांनी त्या काळात हा विषय रंगमंचावर आणला ही मोठीच गोष्ट, तरी आज ते नाटक वाचताना जाणवतं की मित्राकडे प्रेमासाठी तळमळ आहे, पण एका नाटकातल्या भूमिकेपलीकडे समोरच्या मुलीसोबत करायचं फारसं कामच नाही. गोष्ट सांगणारा बापू आहे, निरोप नेणाराही तोच. दोघी एकमेकींसोबत आहेत असे क्षण आपल्या वाट्याला फार थोडे येतात.

आणि शेवट मरणातच व्हायला हवा असं इतिहासही म्हणत नाही. एलिनर बटलर आणि सारा पॉन्सन्बी या दोघी १७७८ मध्ये आयर्लंडमधून पळाल्या आणि वेल्समध्ये लँगोलेनला सुमारे अर्धशतक एका घरात राहिल्या. हॅलिफॅक्सच्या अ‍ॅन लिस्टर हिने लाखो शब्दांच्या रोजनिशीत, ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून केलेल्या सांकेतिक लिपीत, आपली प्रेमं तपशीलवार लिहून ठेवली. १८३४ मध्ये अ‍ॅन वॉकर हिच्यासोबत यॉर्कच्या चर्चमध्ये प्रसाद घेऊन तिने ते आपलं लग्न मानलं. एवढा पुरावा पडून असताना ‘अमोनाइट’ (२०२०) हा चित्रपट जीवाश्म शोधणारी मेरी अ‍ॅनिंग आणि तिची मैत्रीण शार्लट मर्चिसन यांची जोडी कल्पनेने जुळवतो, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यात प्रेमसंबंध असल्याचा पुरावा नाही. खरी शार्लट मेरीपेक्षा अकराएक वर्षांनी मोठी होती आणि तिला भूशास्त्राचं ज्ञान होतं. चित्रपटात ती लहान, खचलेली, शुश्रूषेची गरज असलेली बायको होते. जीवाश्म शोधणं, फोडणं, घासणं, हे मेरीचं काम अप्रतिम चित्रित झालंय, केट विन्स्लेटचे हात मजुराचे वाटतात. पण दोघींनी बरोबरीने दगड वाचावा अशी जी खरी शक्यता इतिहासाने आयती दिली होती, तीच सोडून दिली.

मराठीत असा चित्रपट करायचा झाला तर साहित्य भरपूर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्यात दोन बायका एका खोलीत झोपल्या तर कुणी विचारणार नाही, पण त्यांना एकटं कुणी सोडणारही नाही. माजघरात सासू, नणंदा, मुलं, आल्यागेल्या सोवळ्या बायका. म्हणजे पटकथेची अडचण युरोपच्या उलटी. जागा आहे, एकांत नाही. एकांत मिळतो तो पहाटेच्या जात्यावर. दोघी समोरासमोर, गुडघे जवळजवळ टेकलेले, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि घरघरीत बोलणं पलीकडे ऐकू न जाणारं. ओव्यांमध्ये गडणीला उद्देशून गाणं रूढच आहे, त्यामुळे एकीने दुसरीचं नाव ओवीत गुंफलं तरी संशयाला जागा नाही. नऊवारीला टाचणी-बटण नाही, चोळीला पुढे गाठ, तेव्हा कपडे चढवण्याचा तो लांबलचक युरोपीय प्रसंग इथे जसाच्या तसा लागू करू नये. त्याऐवजी न्हाण्याचा दिवस आहे. शिकेकाई उकळायची, डोक्याला तेल जिरवायचं, दुसरीने पाणी घालायचं, धुपावर केस वाळवायचे, मग गुंता काढत वेणी. अर्धा दिवस सहज जातो. हे करणाऱ्या नटींना जातं खरोखर ओढता आलं पाहिजे. धान्याचा घास घालणारा हात कुठला आणि खुंटा ओढणारा कुठला, दमल्यावर हात कसे बदलतात, पीठ जाड येऊ लागलं की घास कसा कमी करतात, हे महिनाभर शिकून घ्यावं लागेल. नुसता खुंटा धरून गोल फिरवणारे हात पहिल्याच दृश्यात ओळखू येतील.